खानदेशात बसून नॅनोट्यूबचं उपकरण बनवता येईल का?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातल्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात नॅनोतारा (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिबारीक तारा) आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या तशाच बारीक नळ्या) यांपासून बनणाऱ्या उपकरणांवर एक प्रकरण आहे. १९९१ साली जपानमध्ये एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमांनी या नळ्या पाहिल्या, १९९८ साली नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये सीस डेकर यांच्या गटाने एकाच नळीचा ट्रान्झिस्टर केला, त्याच वर्षी आयबीएमनेही केला. पुढे गुणधर्मांचा तक्ता आणि मग परीक्षा. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण ही वस्तू आपल्या हाताने करून बघता येईल असं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही येत नाही. मला ते फार लागतं.

माझं मत असं, की या विषयात मुलांनी निदान एक उपकरण स्वतः बनवलंच पाहिजे. ओबडधोबड असलं तरी चालेल, पण ते नॅनोट्यूबमुळेच चालणारं हवं, शोभेपुरती नळी टाकलेलं नको. आमच्याकडे क्लीनरूम (धूळमुक्त खोली) नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. रसायनशास्त्राची बरी प्रयोगशाळा आहे, सोल्डरिंगची टेबलं आहेत आणि मेहनती मुलं आहेत. एवढ्यावर काय होऊ शकतं? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

दीपनगर_शिफ्ट
ताई, इच्छा चांगली आहे, पण क्लीनरूमशिवाय ट्रान्झिस्टर विसरा. आमच्या भागात मे महिन्यात खिडकी उघडली की टेबलावर बोट फिरवून नाव लिहिता येतं. १ नॅनोमीटरची नळी त्या धुळीत शोधणार कशी?

तापीकाठ
+१. पण धुळीचाच सेन्सर बनवा की. कच्चा माल फुकट!

पालवी_चोपडा
मूळची चोपड्याची, सध्या बंगळुरूत याच विषयावर संशोधन करते. धागा बघून राहवलं नाही.

आधी ट्रान्झिस्टरची अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नॅनोट्यूब म्हणजे एक अणू जाडीच्या ग्राफीनच्या (कार्बनच्या) पत्र्याची नळी. एकपदरी नळीचा व्यास १ ते २ नॅनोमीटर. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जातो. चौकडीची चटई सरळ गुंडाळली तर रेघा सरळ जुळतात, तिरपी गुंडाळली तर त्या नळीभोवती चढत जातात. इथेही पत्रा कोणत्या कोनात गुंडाळला गेलाय त्यावर नळी धातूसारखी वागणार की अर्धवाहक होणार ते ठरतं. आणि तो कोन बनवणाऱ्याच्या हातात नसतो. भट्टीतून निघणारा माल मिश्र असतो: ढोबळमानाने एक तृतीयांश धातू, दोन तृतीयांश अर्धवाहक.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा स्विच. त्याच्या दोन टोकांमध्ये धातूची एक नळी जरी आडवी पडली तरी तो बंद व्हायचं नाव घेत नाही. म्हणून गेली पंचवीस वर्षं निम्मी मेहनत या निवडीवर गेली आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या लोकांनी गेटवर (हा स्विच चालू-बंद करणाऱ्या टोकावर) व्होल्टेज देऊन अर्धवाहक नळ्या बंद केल्या आणि मग जोराचा प्रवाह सोडून फक्त धातूच्या नळ्या जाळल्या. मला ही युक्ती आजही मोहवते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मार्क हर्सम यांच्या गटाने नळ्या साबणासारख्या रसायनात भिजवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या आणि घनतेतल्या बारीक फरकावरून वेगळ्या केल्या. आता ठरावीक पॉलिमर अर्धवाहक नळ्यांनाच चिकटतात, त्यांच्या साहाय्यानेही वेचणी होते.

तेव्हा सुटा, नेमका ट्रान्झिस्टर महाविद्यालयात होणं कठीण, हे दीपनगर_शिफ्ट यांचं म्हणणं बरोबर आहे. पण नॅनोट्यूबचं उपकरण म्हणजे फक्त ट्रान्झिस्टर नव्हे. त्यावर सविस्तर उद्या लिहिते.

सिलिकॉनभाऊ
मी अमळनेरचा, पुण्यात चिप डिझाइनमध्ये आहे. जरा कडू लागेल, पण मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे म्हणून लिहितो.

नॅनोट्यूबचा पहिला पूर्ण संगणक स्टॅनफर्डमध्ये २०१३ साली झाला. त्यात १७८ ट्रान्झिस्टर होते आणि तो एका वेळी एका बिटवर काम करायचा. २०१९ मध्ये एमआयटीच्या मॅक्स शुलाकर यांच्या गटाने १६ बिटचा प्रोसेसर केला, १४ हजारांहून जास्त ट्रान्झिस्टरचा. त्याने 'हॅलो, वर्ल्ड' म्हटलं आणि जगभर बातम्या झाल्या. त्यामागची मेहनत मला मान्य आहे. पण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेल्या एनव्हिडियाच्या एच१०० चिपमध्ये ८००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. मुलांना नोकरी इथे मिळणार आहे.

दुसरं म्हणजे, नॅनोतारांची मूळ कल्पना सिलिकॉनने कधीच आत्मसात केली. पातळ पट्टीला चारही बाजूंनी गेटने वेढायचं, म्हणजे गळती थांबते, ही नॅनोतारांच्या संशोधनातली गोष्ट. सॅमसंगने २०२२ पासून ३ नॅनोमीटरच्या चिप याच रचनेने बनवायला घेतल्या. तेव्हा मुलांना सिलिकॉन शिकवा, त्यातच त्यांना नॅनोतार भेटेल.

रेडिओवाले_काका
भुसावळला रेल्वेत सिग्नल विभागात नोकरी केली, संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करायचो. सिलिकॉनभाऊ, तुमचे आकडे वाचले आणि वेगळाच हिशोब डोक्यात आला.

पहिला ट्रान्झिस्टर बेल लॅब्समध्ये १९४७ साली झाला. इंटेलचा ४००४ आला १९७१ मध्ये, त्यात २३०० ट्रान्झिस्टर. म्हणजे २४ वर्षं लागली. नॅनोट्यूबचा पहिला ट्रान्झिस्टर १९९८ चा आणि १४ हजारांचा प्रोसेसर २०१९ चा. २१ वर्षं. मग मागे कोण पडलं?

व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले आमचे एक उस्ताद ट्रान्झिस्टरला 'खेळणं' म्हणायचे. मी तरुण होतो, मला ते खेळणं आवडलं, म्हणून पुढची तीस वर्षं माझ्या दुकानात गिऱ्हाईक येत राहिलं.

सिलिकॉनभाऊ
काका, हिशोब सुरेख आहे, पण ट्रान्झिस्टरसमोर त्या वेळी काय होतं? तापणारी, फुटणारी, वीज खाणारी काचेची व्हॅक्यूम ट्यूब. नॅनोट्यूबसमोर सत्तर वर्षं मुरलेलं सिलिकॉन आहे. धावपटू तितकाच वेगवान असेल हो, पण प्रतिस्पर्धी वेगळा आहे.

रेडिओवाले_काका
हे मात्र खरं बोललात.

खान्देशी_ठसका
माले बठ्ठं समजनं नही, पन वाचाले मजा उनी. चालू द्या भाऊ!

कपाशी_धरणगाव
माझा जिनिंगचा व्यवसाय आहे. मध्यंतरी वाचलं होतं की चांदीच्या नॅनोतारांत सुती कापड बुडवून गरम कपडे करतात. खरं आहे का? कापूस आपला, चांदीही जळगावच्या सराफ बाजारात मुबलक.

पालवी_चोपडा
कपाशीदादा, अगदी खरं आहे. स्टॅनफर्डमध्ये यी क्युई यांच्या गटाने २०१५ च्या सुमारास ते दाखवलं. तारांचं जाळं इतकं विरळ असतं की हवा आणि घाम आरपार जातो, पण शरीरातून निघणारी उष्णता ते परत आत फेकतं. शिवाय जाळ्यातून थोडी वीज सोडली की कापड स्वतःच तापतं.

भुसावळ_४६अंश
गरम करणारं कापड? आम्हाला? हे संशोधन काश्मीरला पाठवा, आमच्याकडे गार करणारं आणा.

पालवी_चोपडा
तेही झालंय! त्याच गटाने २०१६ मध्ये बारीक छिद्रांच्या पॉलिथिलीनचं कापड केलं. शरीराची उष्णता त्यातून बाहेर निघून जाते, पण ते पारदर्शक दिसत नाही. त्यात नॅनोतारा नाहीत, म्हणून या धाग्यात बसत नाही. भुसावळात मात्र नक्की खपेल.

रसायन_शहादा
शहाद्याला रसायनशास्त्र शिकवतो. सातपुडाताई, चांदीच्या नॅनोतारा तुमच्या प्रयोगशाळेत खरोखर होऊ शकतात, आम्ही केल्या आहेत. इथिलीन ग्लायकॉल १६० अंशांच्या आसपास तापवायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पीव्हीपी नावाचा पॉलिमर हळूहळू सोडायचा. ग्लायकॉलच चांदीला मोकळं करतं. पीव्हीपी स्फटिकाच्या बाजूंना चिकटून बसतं, त्यामुळे चांदी फक्त टोकांवर वाढते आणि गोळ्याऐवजी तार होते. २००० नंतरच्या वर्षांत युनान शिया यांच्या गटाने ही पद्धत घडवली. जमलं की द्रावण करडं दिसतं, हलवलं की त्यात रेशमासारखी चमक फिरते. ती चमक बघून माझे विद्यार्थी जेवायला जायचे विसरले होते.

तेच द्रावण काचेवर पसरवून वाळवलं की पारदर्शक तरी वीज वाहणारा थर मिळतो. टचस्क्रीनमध्ये आज इंडियमचं ऑक्साइड वापरतात. ते महाग आणि ठिसूळ. चांदीच्या जाळ्याचा थर वाकवला तरी तुटत नाही. मल्टिमीटरने रोध मोजता येतो, एलईडी लावून दाखवता येतो. ग्लायकॉलची वाफ मात्र धुराड्याखालीच (फ्यूम हूडखालीच) काढा.

सातपुडा_पायथा
शहाद्याचे सर, मनापासून आभार. हा प्रयोग याच सत्रात लावते. पण यात तार वायरचंच काम करते. मला असं काही हवंय की जिथे नळीच्या नॅनोपणामुळे वेगळंच काही घडतं. पालवीताई, तुमच्या 'उद्या'ची वाट बघतेय.

सराफकट्टा
नॅनोतारांसाठी सोनंही लागतं असं ऐकलंय. तसं असेल तर जळगावला काय कमी!

पालवी_चोपडा
सराफकट्टा, ऐकलंत ते बरोबर. सिलिकॉनच्या तारा वाढवायला सोन्याचा बारीक थेंब लागतो. १९६४ मध्ये बेल लॅब्सच्या वॅग्नर आणि एलिस यांनी ही रीत दाखवली. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, सोनं १०६४ ला, पण दोघं ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ३६३ अंशांनाच द्रव होतात. वायूतून आलेलं सिलिकॉन त्या थेंबात विरघळतं, थेंब भरून गेला की खालून घट्ट तार बाहेर पडू लागते आणि थेंब तिच्या टोकावर स्वार होऊन वर वर जातो. थेंब जेवढा, तेवढी तारेची जाडी. पण त्यासाठी लागणारा सायलेन वायू हवेत आपोआप पेट घेतो. त्यामुळे हा प्रयोग महाविद्यालयात नको.

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसरसाठी नॅनोट्यूबचा जो दुर्गुण, तोच सेन्सरसाठी गुण आहे. एकपदरी नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो, आत लपायला जागाच नाही. त्यामुळे बाहेरून एखादा रेणू येऊन चिकटला की नळीतल्या प्रवाहावर थेट परिणाम होतो. २००० साली स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने दाखवलं की नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया नळीला लागले की तिची वाहकता बदलते, तेही खोलीच्या तापमानाला. बाजारात मिळणारे मेटल ऑक्साइडचे गॅस सेन्सर दोनशे-तीनशे अंशांना तापवावे लागतात, म्हणून बॅटरी खातात.

आणि इथे एकच निवडक नळी लागत नाही. हजारो नळ्यांचं विस्कटलेलं जाळं चालतं. धातूच्या नळ्या असल्या तरी सेन्सर मरत नाही, संवेदनशीलता थोडी कमी होते इतकंच.

माझ्या आवडीचं उदाहरण: २०१२ मध्ये एमआयटीच्या टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने नळ्यांवर तांब्याचं एक संयुग बसवून इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, ओळखणारा सेन्सर केला, ०.५ पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). आणि तो कशावर तपासला? फळांवर. त्यात केळीही होती! मी चोपड्याची, तो निबंध वाचताना मला घरची बाग दिसत होती.

केळीबाग_रावेर
थांबा थांबा, आता विषय आमच्या दारात आला.

माझी बाग आहे आणि भागीदारीत रायपनिंग चेंबरही (केळी पिकवायची खोली) आहे. इथिलीनचं काम आमचं रोजचं. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीनला एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली आहे. तापमान १६ ते १८ अंश, ओलावा ९० ते ९५ टक्के, आणि ठरावीक वेळाने दार उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो, नाहीतर पिकणं अडखळतं.

पण खरं सांगू का ताई, चेंबरसाठी मला तुमचा सेन्सर नको. तिथे १०० पीपीएम मीच सोडतो, ते मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. माझं दुखणं कंटेनरमध्ये आहे. निर्यातीचा माल १३-१४ अंशांवर हिरवा जातो. एखाद्या खोक्यात एखादी फणी जखमी असली की ती आधी पिकायला लागते, स्वतः इथिलीन सोडते आणि शेजारच्यांनाही उठवते. एकदा माझा माल पोचला तेव्हा बाहेरचे थर हिरवेगार होते आणि मधले पिवळे. व्यापाऱ्याने भाव पाडला तो सगळ्या मालाचा. दार उघडेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या मधल्या थरात बसून मला मोबाइलवर कळवेल असं काही करा, मग मी तुमच्या महाविद्यालयात येऊन मुलांना केळीवर व्याख्यान देतो!

सिलिकॉनभाऊ
केळीबाग यांनी नेमकं सांगितलं. प्रोसेसरबद्दल माझं म्हणणं कायम आहे, पण सेन्सरला माझा विरोध नाही. उलट सेन्सरचा संदेश वाचून पाठवणारं सर्किट सिलिकॉनचंच लागणार, त्यात मी मदत करू शकतो. पण काही प्रश्न विचारतो, कारण प्रयोगशाळेतले सेन्सर शेतात गेले की रडतात. एक, ओलावा. पाण्याचे रेणूही नळीला चिकटतात, मग ९० टक्के ओलाव्यात इथिलीन वेगळं कसं कळणार? दुसरं, तांब्याचं ते संयुग हवेत टिकतं का? तिसरं, आजचा शून्य उद्या शून्य राहतो का?

पालवी_चोपडा
तिन्ही प्रश्न अचूक आहेत. या क्षेत्रातली माणसं याच तिन्हींशी झगडत आहेत.

तांब्याचं संयुग हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं. ती चाचणी नायट्रोजनच्या वातावरणात केली होती. २०२० मध्ये स्वॅगर यांच्याच गटाने वेगळा मार्ग काढला. पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरून इथिलीनला ऑक्सिजन जोडायचा. त्या प्रक्रियेत पॅलेडियम तात्पुरतं इलेक्ट्रॉन पकडतं आणि मग ते नळीला देतं. तो सेन्सर साध्या हवेत चालला आणि १५ पीपीबीपर्यंत पोचला, म्हणजे अब्जात १५. कार्नेशनची फुलं कोमेजताना सोडतात ते इथिलीनही त्याने पकडलं. म्हणजे वाट आहे, पण पॅलेडियमचं ते रसायन पदवीच्या मुलांसाठी पहिली पायरी नव्हे.

ओलाव्यासाठी शेजारी दुसरा साधा सेन्सर ठेवायचा. त्यावर फक्त नळ्या, उत्प्रेरक नाही. दोघांना ओलावा सारखाच लागतो, इथिलीन एकालाच. वजाबाकी करायची. शून्य सरकतो, त्याला मात्र ठरावीक काळाने स्वच्छ हवा देऊन पुन्हा शून्य लावण्याला पर्याय नाही.

म्हणून सातपुडाताईंना माझा सल्ला: सुरुवात अमोनियापासून करा. त्याला नुसती नळीही ओळखते, वर कसलंही संयुग लागत नाही. हवेत ठेवलेली नळी पी प्रकारची असते, म्हणजे तिच्यात वीज 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात. अमोनिया तिला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे होल कमी होतात आणि रोध वाढतो. स्वॅगर यांच्या गटाने २०१२ मध्ये नळ्यांची भुकटी दाबून शिसपेन्सिलीसारखी कांडी केली आणि कागदावर रेघ ओढून अमोनियाचा सेन्सर केला. रेघ ओढून! क्लीनरूम वगैरे काही नाही.

ठिबक_पाचोरा
यावरून आठवलं, आपल्या अजय सूद यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००३ मध्ये दाखवलं होतं की नॅनोट्यूबवरून पाणी वाहिलं की वीजदाब तयार होतो. ठिबकच्या नळीत कोणती लॅटरल तुंबली हे त्यावरून कळेल का?

पालवी_चोपडा
कल्पना गोड आहे, ठिबकभाऊ. पण तो दाब मिलिव्होल्टमध्ये असतो, आणि पाण्यात किती क्षार विरघळले आहेत यावर बदलतो. आपल्या बोअरचं पाणी आणि तापीचं पाणी वेगळं उत्तर देतील. वेगळा धागा काढा, मी नक्की येते.

श्वास_जपा
मी धुळ्यात छातीरोगतज्ज्ञ आहे. इथवर सगळं आनंदाने वाचलं, पण भुकटी दाबून कांडी करायचं म्हटल्यावर लिहावंच लागलं.

२००८ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटात लांब, सरळ, बहुपदरी नॅनोट्यूब सोडल्या, तेव्हा आतल्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखी दाहाची लक्षणं दिसली. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बहुपदरी नळ्यांच्या एका प्रकाराला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला' या गटात टाकलं. सगळ्या नळ्या विषारी आहेत असं मी म्हणत नाही. पण कोरडी भुकटी उघड्या टेबलावर, पंख्याखाली, वीस वर्षांच्या मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे एक्स-रे मी पाहिले आहेत. तो आजार तीस-चाळीस वर्षांनी दार ठोठावतो.

सातपुडा_पायथा
डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मग कांडी रद्द. दुसरा मार्ग आहे का?

पालवी_चोपडा
आहे, आणि डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. भुकटी घेऊच नका. एकपदरी नळ्यांचं पाण्यातलं तयार द्रावण विकत मिळतं, तेच मागवा. ओलं आहे तोवर उडत नाही. हातमोजे, धुराडं, सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं, आणि कचरा वेगळ्या बाटलीत जपायचा. सेन्सर वाळल्यावर त्याला खरवडायचं नाही.

कृती सांगते. कंगव्यासारखी एकमेकांत घुसलेली दोन इलेक्ट्रोडं असलेला छोटा पीसीबी (सर्किटची पाटी) बनवून घ्या, सोन्याचा मुलामा सांगा. पीसीबीवाले तो नेहमीच करतात. तांबं उघडं ठेवू नका, अमोनिया त्याला खातो. त्यावर द्रावणाचा एक थेंब, मंद आचेवर वाळवायचं. मग ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच धुवायचं, कारण द्रावणातलं साबणासारखं रसायन नळ्यांभोवती राहिलं तर अमोनिया नळीपर्यंत पोचत नाही. रोध काही किलोओहमपासून काही शे किलोओहमपर्यंत येईल अशा बेताने थेंब वाढवायचे. सगळे सेन्सर सारखे निघणार नाहीत, म्हणून मूळ रोधाच्या तुलनेत किती टक्के बदल झाला तेच नेहमी लिहायचं.

आणि पुढे ज्यांना खरा ट्रान्झिस्टर करायचाय त्यांच्यासाठी: केंद्र सरकारच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून मुंबईच्या आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची यंत्रं बाहेरच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना वापरता येतात, प्रशिक्षणही मिळतं. माझ्या ओळखीची लहान गावांतली मुलं तिथे येऊन गेली आहेत. अर्ज करायला लाजू नका.

सराफकट्टा
शेवटी सोन्याचा मुलामा लागलाच! जळगावचं नाव राहिलं.

सिलिकॉनभाऊ
सर्किट माझ्याकडे लागलं. व्हीटस्टोन ब्रिजच्या (रोधातला बारीक फरक मोजणाऱ्या जोडणीच्या) एका हातात सेन्सर, दुसऱ्यात झाकून ठेवलेला जुळा सेन्सर, पुढे १६ बिटचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा) आणि एक ईएसपी३२ (ते वायफायने पाठवणारी छोटी चिप). ब्रिजला सतत व्होल्टेज देऊ नका, मोजण्यापुरतं द्या, नाहीतर नळ्या तापून शून्य सरकेल. आकृती काढून इथे टाकतो.

अमळनेरकर म्हणून आणखी एक: विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तेलाच्या कारखान्याने झाली. लहान गावातून पुढे काय उगवेल याचा अंदाज मी तरी बांधत नाही.

कोंबडी_नवापूर
नमस्कार. मी फक्त वाचणारा, कधी लिहीत नाही. पण अमोनियाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या नवापूरला पोल्ट्रीचा मोठा व्यवसाय आहे. शेडमधल्या लिटरमधून (कोंबड्यांखाली अंथरलेल्या भुशातून) अमोनिया सुटतो. २५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका असं सांगतात, पण मोजतो कोण? आम्ही नाकाने ओळखतो, आणि रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाचं नाक काही दिवसांत सरावतं, त्याला वास कळेनासा होतो. पक्ष्यांचे डोळे मात्र लाल होतात आणि मग श्वासाचे आजार लागतात. विकत मिळणारे मीटर महाग, आणि एका शेडला चार-पाच जागी लावायला हवेत. तुमचा सेन्सर अगदी अचूक नसला तरी चालेल. १० च्या आत, १० ते २५, आणि २५ च्या वर, एवढं तीन दिव्यांनी कळलं तरी आमचं काम होतं.

पालवी_चोपडा
सातपुडाताई, याहून चांगला पहिला प्रकल्प मिळणार नाही. जे मोजायचंय ते नळीला थेट कळतं, अचूकतेची अट सैल आहे आणि वापरणारा माणूस दारात उभा आहे.

सातपुडा_पायथा
ठरलं. या सत्रात चांदीच्या तारा शहाद्याच्या सरांच्या पद्धतीने, हात बसावा म्हणून. पुढच्या सत्रात अमोनियाचा सेन्सर. तो शेडमध्ये टिकला की मगच इथिलीनकडे. केळीबागदादा, तुमचा कंटेनर मी विसरणार नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं केळीच्या घरातली आहेत, तीच मला विसरू देणार नाहीत. डॉक्टर, द्रावण हाताळायची नियमावली मी लिहिते, तुम्ही एकदा नजर घालाल का?

श्वास_जपा
नक्की. पाठवा.

केळीबाग_रावेर
मॅडम, थांबायला तयार आहे. तोवर चेंबरमध्ये ९५ टक्के ओलाव्यात तुमचा सेन्सर कसा वागतो ते बघायला मुलांना कधीही पाठवा. आले की भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे.

तापीकाठ
या प्रकल्पात सामील व्हायला काय शिक्षण लागतं? भरीत आवडतं एवढी पात्रता आहे.

रसायन_शहादा
ताई, अमोनियाचं प्रमाण ठरवताना बंद डब्यात मोजून मापून अमोनियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण टाका. त्यावरच्या हवेत किती अमोनिया असेल ते तापमानावरून काढता येतं. सिलिंडरची गरज नाही. पण आमच्या भागात दुपारचं आणि पहाटेचं तापमान फार वेगळं असतं, तेव्हा डबा पाण्याच्या कुंडात ठेवा, नाहीतर आकडे हलतील.

कोंबडी_नवापूर
मॅडम, एक विनंती. चाचणीला उन्हाळ्यात येऊ नका. तेव्हा शेडचे पडदे उघडे असतात, वारा खेळतो, अमोनिया टिकतच नाही. थंडीत या. रात्री पिल्लांना ऊब राहावी म्हणून पडदे बंद असतात आणि पहाटे चार-पाचला वास सगळ्यात जास्त असतो. सेन्सर पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगा, माणसाच्या उंचीला नको, अमोनिया लिटरमधून खालूनच सुटतो. आणि वायर उंदीर कुरतडतात, ती पाइपातून घ्या.